वर्तणुकीचा रकाना

शाळा सोडल्याच्या दाखल्यात शेवटाकडे 'वर्तणूक' असा एक रकाना असतो आणि त्याच्या जरा खाली 'शाळा सोडल्याचे कारण'. माझं अक्षर बरं म्हणून आमच्या शाळेत दाखले लिहायचं काम बरीच वर्षं माझ्याकडं आहे. वर्तणुकीपुढं मी 'चांगली' लिहितो. सगळ्याच शाळांत तसं लिहितात. पोरगं बिडी ओढणारं असो, बाकावर कर्कटकानं बदाम कोरणारं असो, त्याचं पुढं अडू नये म्हणून 'चांगली'.

सहा वर्षांपूर्वी एका पोराच्या दाखल्यावर मी तेच लिहिलं, पण आम्ही मोकळं व्हावं म्हणून लिहिलं. हे मी बायकोलासुद्धा धड सांगितलं नव्हतं. आज लिहायला बसलोय ते खरं तर आमच्या मोठ्या बाईंबद्दल, म्हणजे मुख्याध्यापिकांबद्दल. पण माझं सांगितल्याशिवाय त्यांचं मोठेपण कुणाला कळायचं नाही, म्हणून आधी माझं.

मी मूळचा मुरगूडचा. कोल्हापुरात एका पेठेतल्या मराठी शाळेत भूगोल शिकवतो. वर्कशॉपमधल्या कामगारांची, भाजीवाल्यांची, रिक्षावाल्यांची, शिंप्यांची पोरं आमच्याकडं येतात. सहा वर्षांपूर्वी नववीचा वर्ग माझ्याकडं होता. त्यात एक किडकिडीत पोरगा होता. रोज उशिरा यायचा. हजेरी संपली की दारात उभा, घामाघूम. मी त्याला पहिला तास दारातच उभा करायचो. एक दिवस सगळ्यांसमोर विचारलं,

"काय रे, घर कुठं तुझं?"

"टॉकीजच्या मागं, सर."

आमच्या भागात एक बंद पडलेली टॉकीज आहे, तिच्या मागून एक अरुंद बोळ जाते. तिथून शाळा दहा मिनिटांवर.

"मग दहा मिनिटांच्या वाटंला तुला तास लागतोय व्हय?"

"मी रंकाळ्याकडनं वळसा घालून येतो."

"का? सकाळची हवा खायाला?"

वर्ग हसला. पोरगा खाली बघत म्हणाला, "त्या बोळातनं न्हाय येत मी, सर."

"असं? मग महापालिकेला अर्ज करूया. साहेबांसाठी नवा रस्ता पाडा म्हणावं."

वर्ग परत हसला, जोरात. मलाही माझा विनोद आवडला. स्टाफरूममध्ये जाऊन मी तो पुन्हा सांगितला.

नदी कुठं वळते, का वळते, घाटातला रस्ता डोंगराला वळसा का घालतो, हे मी वीस वर्षं फळ्यावर काढून दाखवत होतो. समोरचं पोरगं वळसा का घालतंय, हे मला विचारावंसं वाटलं नाही.

महिन्याभरानं वह्या तपासताना त्याच्या दप्तरातून मी वही ओढली आणि तिच्याबरोबर एक पायमोजा बाहेर आला. आत चाकू होता. बाप वर्कशॉपात कामाला; तिथलं लोखंड कापायच्या करवतीचं मोडकं पातं घासून केलेला. मुठीला वायरमनची काळी टेप गुंडाळलेली.

पोरगा पांढरा पडला. म्हणाला, "सर, मी काढत न्हाय त्ये. नुसतं असतंय."

त्या वाक्यावर मी तेव्हा थांबायला हवं होतं. मी त्याचं मनगट धरून त्याला तेव्हाच्या मुख्याध्यापकांकडं नेलं. ते घाबरट, सज्जन गृहस्थ होते. दार लावून म्हणाले, "पोलीस नकोत, पेपरात नाव नको. बापाला बोलवा, अर्ज घ्या, दाखला द्या."

बाप कामावरून तसाच आला, हाताला ऑइल. अर्जाचा मजकूर मी सांगितला, त्यानं लिहिला. 'घरगुती अडचणीमुळे.' सही करताना त्याच्या अंगठ्याचा डाग कागदावर उठला. तो म्हणाला, "सर, नववीच्या मधी कोण घेणार हो ह्याला?"

"घेतील की. दाखला चांगला देतो मी."

दिला. वर्तणूक चांगली. कारण, पालकांच्या विनंतीवरून. दुसऱ्या शाळेनं तो वाचून त्याला घेतलं आणि त्यांना काहीच कळलं नाही. कळेल कसं? आम्ही ते काळजीपूर्वक खोडून ठेवलं होतं.

आठ महिन्यांनी त्याच बोळात त्यानं एकावर चाकू चालवला. समोरचा सतरा वर्षांचा, त्या बोळात बसणाऱ्या टोळक्यातला. त्यानं वार चुकवायला पातं उघड्या मुठीत धरलं. जीव वाचला, पण हाताच्या शिरा तुटल्या. पेपरात दोघांचंही नाव नव्हतं, अल्पवयीन म्हणून. पण पेठेत कुणाला कळायचं राहत नाही. आमचा पोरगा निरीक्षणगृहात गेला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा आला. मुख्याध्यापक बशीत चहा ओतत म्हणाले, "सुटलो बाबा. आपल्या शाळेचा न्हाय आता तो."

मी मान हलवली. व्हय म्हणालो. सहा वर्षं मला झोपेत ते पातं दिसत नाही, ती बशी दिसते आणि माझी हललेली मान.

पुढं तो हात अधू झालेला मुलगा आमच्या घराजवळच्या बेकरीत कामाला लागला. उजवा हात ठीक, डाव्याची तीन बोटं वळत नाहीत. खोक्याला दोरा बांधताना एक टोक दातात धरतो. एकदा मी ते पाहिलं आणि त्या दिवसापासून खारी-बिस्किटं आणायला दोन चौक पलीकडच्या बेकरीत जाऊ लागलो. बायको म्हणायची, "इथली सोडून तिकडची कशाला? ती शिळी असती." मी म्हणायचो, पाय मोकळे होतात.

हे झालं माझं.

मोठ्या बाई दोन वर्षांपूर्वी आल्या, आमच्याच संस्थेच्या कुरुंदवाडकडच्या शाळेतून. तिकडच्या शेतकरी जैन घरातल्या. बुटक्या, सुती साडी आणि साडीखाली खेळाचे बूट. पहिल्या दिवशी त्या बुटांवरून आठवीच्या पोरी दुपारपर्यंत हसत होत्या. बाई सूर्य मावळायच्या आत जेवतात, मावळल्यावर पाणीही पीत नाहीत. थंडीत शाळा सुटली की ऑफिसात बसून डबा उघडायच्या आणि जेवताजेवता आमच्याशी कामाचं बोलायच्या. आधी आम्हाला ते विचित्र वाटायचं. मग आम्हीच घड्याळ बघून सांगायला लागलो, "बाई, दिवस चाललाय, डबा काढा."

सकाळी त्या फाटकात उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या प्रत्येक पोराचं नाव घ्यायच्या. चुकलं तर पोरगं दुरुस्त करायचं, मग दुसऱ्या दिवशी बरोबर. आमचे शिपाई, ज्यांना सगळी शाळा मामा म्हणते, ते बोलले, "बाई, तुमची हजेरी फाटकातच भरती. सरांचा पगार कापा आता."

उशिरा आलेल्याला त्या 'का उशीर?' म्हणत नसत. बाजूला घेऊन विचारायच्या, "कुठनं आलास?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातला खडू खिशात घातला आणि तसाच वर्गावर गेलो. तासभर काय शिकवलं आठवत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. माझ्या दहावीच्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत नळावर वाकून पाणी पीत होता. त्याच्या शर्टाखालून काहीतरी फरशीवर पडलं. मामा शेजारीच झाडत होते. त्यांनी त्यावर पाय ठेवला आणि पोरांची गर्दी हटेपर्यंत तसेच उभे राहिले, केरसुणी हातात धरून. दोघं-चौघं पोरं म्हणाली, "मामा, सरका की." मामा म्हणाले, "पायात गोळा आलाय रं, जावा तिकडं." घंटा झाली, नळ मोकळा झाला, तेव्हा त्यांनी खाली वाकून ते उचललं, टॉवेलात गुंडाळलं आणि त्या पोराचा हात धरून बाईंकडं गेले. शाळेत कुणालाही काही कळलं नाही. पायाखाली धारदार पातं घेऊन पाच मिनिटं उभं राहणं म्हणजे काय, हे मला नंतर समजलं. मामांच्या चपलेला खाच पडली होती.

वर्गशिक्षक म्हणून बाईंनी मला बोलावलं. टेबलावर टॉवेल, त्यात लाकडी मुठीचा भाजी चिरायचा चाकू. पोरगा खुर्चीवर, पुढं पाण्याचा ग्लास. बाईंनी त्याला उभं केलं नव्हतं.

"कुणाला भितोस?" त्यांनी विचारलं.

"कुनालाच न्हाय."

"बरं. शाळा सुटल्यावर घरी कुठनं जातोस?"

पोरगा ग्लासाकडं बघत बसला. आणि मी, इतक्या वर्षांत काही शिकलो नसल्यासारखा, म्हणालो, "बाई, ह्याच्या घरच्यांना बोलवून दाखल्याचं..."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "सर, दाखला कपाटात जाईल. पोरगं कुठं जाईल?"

त्यांनी आईला फोन केला. मंडईजवळ त्या माऊलीचा भाजीचा गाडा. ती धापा टाकत आली, पदरात कोथिंबिरीच्या काड्या. टेबलावर बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आगं बया! आठ दिस झालं चाकू हुडकालोय मी! शेजारनीवर आळ घेतला की रं मुडद्या!"

बाईंना हसू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. मग पोरगाही थोडा सैल झाला आणि रडायला लागला.

बाईंनी चौकीतल्या हवालदारांनाही बोलावलं. फोनवर सांगितलं, साध्या कपड्यांत या. ते आले, म्हणाले, "बाई, नियमानं मला ह्याला..."

"नियमानंच करूया. मी काय लपवणार न्हाय, म्हणून तर तुम्हाला बोलवलंय. खरं पोराला शाळंच्या फाटकातनं गाडीत घालून न्यायचं न्हाय. काय लिहून पायजे ते इथं लिहून घ्या."

हवालदारांनी साहेबांना फोन लावला, बराच वेळ बोलले, मग आईचं लिहून घेतलं, पोराला दमात घेतलं आणि शेवटी त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. चाकू बाईंच्या कपाटात राहिला.

लपवायचं नाही आणि हाकलायचंही नाही. या दोहोंच्या मधे जागा आहे, हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शिक्षकांची सभा. संस्थेचे सेक्रेटरीही आले. पोरानं शाळेत राहायचं की जायचं, एवढाच विषय. गणिताचे सर पहिले बोलले. त्यांची मुलगी आमच्याच शाळेत नववीला. "उद्या माझ्या पोरीच्या वर्गात घुसला तर? बाई, तुमच्यासारखं बोलायला मलाबी आवडंल. खरं मी बाप हाय." त्यांचं चुकीचं नव्हतं. कुणाचंच चुकीचं नव्हतं. दहावीचं वर्ष, शाळेचं नाव, पालकांची भीती, सगळे खरं तेच बोलत होते.

सेक्रेटरी म्हणाले, "ताणण्यात अर्थ न्हाय. पोराचं वाटोळं आपल्यालाबी करायचं न्हाय. वर्तणूक चांगली लिहा आनी द्या सोडून. सरांचं अक्षर झकास हाय, कोणबी घेईल त्याला."

सगळे हसले. माझ्याकडं बघून, प्रेमानं. ते हसू आणि नववीच्या वर्गातलं हसू मला एकच वाटलं. मी उठलो. सभेत मी कधी बोलत नाही. मामासुद्धा चहाचा ट्रे धरून थांबले.

मी सगळं सांगितलं. उशिरा येणारं पोरगं, महापालिकेचा अर्ज, पायमोजा, बापाच्या अंगठ्याचा डाग, बशीतला चहा. म्हणालो, "पलीकडच्या शाळेला आपण कोरं पोरगं दिलं. त्यांनी त्याच्याकडं लक्ष ठेवलं असतं तर कदाचित... पण त्यांना माहीतच नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं. हा दाखला मी लिहिणार नाही. दुसऱ्या कुणाच्या अक्षरात लिहून घ्या."

'तुमची चूक नव्हती' असं बाई म्हणाल्या असत्या तर मला घरी जाता आलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. तेव्हा राग आला होता, आता त्याबद्दलच त्यांचे उपकार वाटतात.

शेवटी गणिताचे सरच म्हणाले, "बरं. मग करायचं काय ते तरी सांगा."

बाई माझ्याकडं वळल्या. "सर, तुम्ही भूगोल शिकवता न्हवं? आठवी, नववी, दहावी, सगळ्यांकडनं एक नकाशा काढून घ्या. घर ते शाळा. दिशा, खुणा, सगळं नेहमीसारखं. फक्त जिथनं जायाला नको वाटतं तिथं लाल पेन्सिल. कागदावर नाव नको."

सेक्रेटरींनी महिन्याची मुदत दिली. "महिन्यात काय झालं तर जबाबदारी तुमची. लेखी द्या." बाईंनी तिथंच कागद घेतला, लिहिलं, सही केली आणि पेन परत केलं. त्यांच्या नोकरीची अजून बारा वर्षं शिल्लक होती. आमच्यातल्या कुणाचाही हात तसा चालला नसता.

नकाशे तीन दिवसांत जमले. हॉलमध्ये जमिनीवर पसरले. बाई साडी खोचून गुडघ्यावर बसल्या आणि कागद इकडून तिकडं सरकवत जुळवू लागल्या. काही नकाशे मजेशीर. एकानं आत्याच्या घरासमोर लाल केलं होतं. खाली टीप, 'थांबवून पाढे विचारते.' एकानं कुत्रं काढलं होतं, शेपटीसकट. पण मुलींच्या वेगळ्या ठेवलेल्या गठ्ठ्यात एका पानटपरीसमोर पुन्हा पुन्हा लाल होतं. ते बघून आमच्या मराठीच्या बाई उठून खिडकीपाशी गेल्या. रोज त्याच टपरीवरून त्याही जायच्या.

आणि टॉकीजमागची बोळ. कागदामागून कागद, तीच बोळ लाल. कित्येकांनी तिला वळसा घालणारी वाट काढली होती, रंकाळ्याकडून. अगदी तीच. एका कागदावर लाल इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता. नाव नव्हतं, पण अक्षर मी ओळखलं. भाजीवालीचा मुलगा.

पंचवीस वर्षं मी पोरांना नकाशे काढायला लावले. भारताचे, आफ्रिकेचे. त्यांच्या स्वतःच्या वाटेचा पहिल्यांदाच.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाई म्हणाल्या, "चला, बघून येऊया." बाई, मी, मामा आणि तो पोरगा. डबा पिशवीत तसाच. पोरगा म्हणाला, "नको बाई, तुमच्यादेखत काय करनार न्हाईत, नंतर करतील." बाई म्हणाल्या, "नंतरचं नंतर. चल."

बोळात चौघं तरुण दोन मोटरसायकलींवर रेलून मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. आम्हाला बघून एक चटकन उठला. "नमस्कार सर!" दुसऱ्यानंही हात जोडले. दोघंही आमचेच. दोघांचेही दाखले माझ्या अक्षरातले. एकाला नववीत मारामारीवरून काढलेलं, दुसऱ्याला गैरहजेरीवरून. वर्तणूक चांगली.

बाईंनी एकाला विचारलं, "कितवीत सोडलीस शाळा?"

"नववी, बाई."

"सतरा नंबरचा फॉर्म भरलास?" बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म.

"आता कुठली शाळा बाई, मिशा आल्या की."

"मिशांचा पेपर नसतो. मराठी-गणिताचाच असतो."

बाकीचे तिघं खिदळले. "आता गेलास बग, लेका!" तोही लाजून हसला. मग बाईंनी आवाज न चढवता विचारलं, "ह्या पोराकडनं काय पायजे तुम्हाला?"

हसू थांबलं. हळूहळू निघालं ते असं: वाढदिवसाला तलवारीनं केक कापायचा, त्याचं मोबाईलवर चित्रण करायचं, आणि तलवार आधी आणून लपवून ठेवायला शाळकरी पोरं वापरायची. दप्तर कोण तपासतंय? हा तयार नव्हता. म्हणून रोज कानफटात, रोज मोबाईल हिसकावणं.

"गंमत हुती बाई."

"तुमची असंल. मी आजपासनं रोज ह्याच बोळातनं जाणार हाय. तुम्ही बसा, मी काय हटा म्हणत न्हाय. मी जाणार." आणि त्या मिशीवाल्याला, "तू सोमवारी शाळेत ये. फॉर्म आणून ठेवते."

तिथून पोराच्या घरी गेलो. दीड खोली. आईनं गडबडीनं चहा टाकला. बाई कॉटवर बसून तिच्याशी बोलत राहिल्या: पोरगा कधी झोपतो, काय खातो, अलीकडं दचकतो का. बोलता बोलता दारातला उजेड गेला. आई कप घेऊन पुढं आली तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "आता न्हाय. उद्या दिवसा येते, तेव्हा घेते." आईला समजलं नाही. मी सांगितलं. तिनं कप खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. पिशवीतला डबा उघडायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरगा माझ्याकडं आला. "सर, बाई काल उपाशी ऱ्हायल्या न्हवं? माज्यामुळं?"

"व्हय."

तो थोडा वेळ माझ्या टेबलाचा कोपरा खरवडत राहिला. मग बोलायला लागला. किती दिवसांपासून, कोण, कुठं, पहिल्यांदा चाकू घेतला त्या सकाळी आईकडं न बघता कसा बाहेर पडला. म्हणाला, "घेतला की बरं वाटायचं सर. आनी जास्तच भ्याबी वाटायचं." घंटा झाली, मी त्याला उठवलं नाही. आठवीचा वर्ग तेवढा वेळ बोंबलत होता. बोंबलू दे म्हटलं.

त्या दिवसापासून आम्ही शिक्षकांनी वाटेच्या पाळ्या लावल्या. शाळा सुटली की दोघं बोळातून, दोघं टपरीवरून. माझी पाळी मंगळवार आणि शुक्रवार. सगळ्यांत वक्तशीर कोण निघाले, तर गणिताचे सर. मुलीला घेऊन तेही त्याच वाटेनं जाऊ लागले. हवालदार अधूनमधून मोटरसायकलवरून चक्कर मारायचे. मैदान तासभर जास्त उघडं ठेवलं, मामांनी चाव्या स्वतःकडं ठेवल्या.

सगळं गोडच झालं असं नाही. जानेवारीत पोरांची एक मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, दगडानं. मिशीवाल्यानं फॉर्म भरला, दुसरा आलाच नाही. त्याला बाई अजून बोळात भेटल्या की विचारतात आणि तो अजून टाळतो. पण महिना गेला, मग शाळेचं वर्ष सरलं, आणि भाजीवालीचा मुलगा माझ्या वर्गातच बसून दहावीच्या परीक्षेपर्यंत पोचला. सेक्रेटरींनी तो लेखी कागद मागून नेलाच नाही. बाईंनीही विचारलं नाही. तो त्यांच्या कपाटात चाकूशेजारी पडून राहिला.

यंदा निकाल लागला. पोरगा पास झाला. दाखला न्यायला आला तेव्हा आई बरोबर होती. ती सरळ बाईंच्या टेबलाशी गेली.

"बाई, माजा चाकू द्या की आता. कोबीला लई बरा हुता. नव्याला धारच न्हाय."

बाईंनी कपाट उघडलं, चाकू वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हातात दिला. म्हणाल्या, "ह्याला हात लावू देऊ नका हं." पोरगा कानापर्यंत लाल झाला. "काय वो बाई..." मामा दारातून म्हणाले, "माझ्या चपलीचं काय ते बघा आधी."

मी दाखला लिहायला घेतला. वर्तणुकीच्या रकान्यापाशी हात थांबला. मग बाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही वर्षभर बघितलंय. तुम्हाला वाटतंय ते लिहा." मी 'चांगली' लिहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो शब्द मी आधी वाचून मग लिहिला.

दाखला देऊन झाल्यावर बाईंनी मला स्टाफसाठी केक आणायला सांगितला. आणि बेकरीचं नाव घेतलं. आमच्या घराजवळचीच. सभेनंतर कधीतरी मी त्यांना ती बेकरीची गोष्ट सांगितली होती. त्या विसरल्या नव्हत्या. मी पिशवी घेतली. गेलो.

तोच होता काउंटरला. आता तेवीसचा तरुण, दाढी राखलेली. केक खोक्यात ठेवला, दोरा घेतला. एक टोक दातात धरणार, तेवढ्यात मी म्हणालो, "मी धरू का?"

"बोट ठेवा हितं, सर." खोक्यावर दोऱ्याचे दोन पदर एकमेकांवर आले होते, तिथं मी बोट ठेवलं. मला सर म्हणाला म्हणजे ओळखत होता.

मी बोट तसंच ठेवून सांगितलं. ज्यानं तुला मारलं तो आमच्या शाळेचा होता. त्याच्या दप्तरात चाकू मला सापडला होता. मी त्याचा दाखला चांगला लिहून त्याला बाहेर घालवलं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

तो ऐकत होता. मागं एक बाई पाव मागत उभी होती, तिला त्यानं हातानं थांबवलं.

"मीबी काय कमी न्हवतो, सर," तो म्हणाला. "रोज अडवायचो त्येला. रोज." मग दोरा सारखा करत, "त्येला भेटलाईसा काय तुमी?"

मी म्हणालो, "नाही." तो सुटून आलाय, कुठल्याशा फौंड्रीत लागलाय, हे मला माहीत आहे. दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आलोय.

"भेटा की," तो म्हणाला. चांगल्या हातानं त्यानं दोरा ओढला, माझ्या बोटावर गाठ आवळली. "काढा बोट आता. बसली गाठ."